फेरे कमी, पीळ कायम

आमच्या एका स्नेह्यांकडे जुना तंबोरा आहे. त्याची एक खुंटी डागाळली होती. तिचा लट्टू, म्हणजे बोटांत धरायचा भाग, स्वच्छ करून चकाकी आणून द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. खुंटी शिसवाची, उंची जेमतेम करंगळीएवढी. काम छोटे, म्हणून आम्ही हातात धरायचे छोटे फिरते यंत्र घेतले. बाजारात त्याला मिनी ग्राइंडर म्हणतात. पेनापेक्षा थोडे जाड असे हे यंत्र असते. त्याच्या टोकाच्या चकमध्ये बारीक दांड्याचे चाक बसवायचे, बटण दाबायचे आणि घासायचे. आम्ही १३ मिलिमीटर व्यासाचे नमद्याचे चाक बसवले, थोडे मेण लावले आणि सुरुवात केली. पाच-सहा सेकंदांत जळका वास आला. चाक बाजूला करून पाहतो, तर लट्टूवर चकाकीऐवजी तपकिरी चट्टा!

खुंट्या चार असतात आणि त्या एकमेकींना जुळणाऱ्या असतात. एक बिघडली तर चारही बदलाव्या लागणार. आम्ही यंत्र खाली ठेवले. यंत्राच्या अंगावर लिहिले होते, दर मिनिटाला ३०,००० फेरे. यंत्राला वेग कमी करण्याची चकती नव्हती. एकच बटण, चालू किंवा बंद. आता हे यंत्र मंद करायचे कसे? प्रश्न वरवर सोपा आहे, पण त्याच्या पोटात घर्षण, उष्णता, विद्युत मोटर आणि नियंत्रण असे चार धडे दडलेले आहेत. चारही धडे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आवाक्यातले आहेत.

चट्टा का पडला?

आधी वेग मोजू. ३०,००० फेरे दर मिनिटाला म्हणजे ५०० फेरे दर सेकंदाला. चाकाचा व्यास ०.०१३ मीटर. एका फेऱ्यात कड π × ०.०१३ मीटर, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर अंतर तोडते. ५०० फेऱ्यांत २० मीटर होतात. सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७० किलोमीटरहून जास्त. हमरस्त्यावरून धावणाऱ्या एस.टी.च्या वेगाने नमद्याची कड खुंटीवर घासत होती.

आता उष्णता पाहू. आपण चाक साधारण २०० ग्रॅम वजनाइतके, म्हणजे २ न्यूटन बलाने दाबले असे धरू. घर्षणाचा गुणांक ०.४ मानला, तर घर्षणबल ०.८ न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते: ०.८ × २० म्हणजे १६ वॉट. आकडा लहान वाटतो. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते आणि तिच्या टोकावर कथील-शिशाचा मिश्रधातू वितळतो, हे लक्षात घ्या.

इथे कोणी विचारील, सुतार हाताने कापड घासून पॉलिश करतो तेव्हा उष्णता निर्माण होत नाही का? होते. तो २ किलो वजनाइतका जोर लावतो आणि हात सेकंदाला १ मीटर फिरवतो असे धरा. घर्षणबल ८ न्यूटन, शक्ती ८ वॉट. यंत्राच्या निम्मी! तरीही लाकूड जळत नाही, कारण ही उष्णता तळहाताएवढ्या, म्हणजे सुमारे ५० चौरस सेंटिमीटर जागेवर पसरते. चाक मात्र अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर टेकते. दर चौरस सेंटिमीटरला हाताखाली ०.१६ वॉट आणि चाकाखाली ३२ वॉट. फरक २०० पट.

त्यात लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक. तांबे लाकडापेक्षा सुमारे दोन हजार पट चांगले वाहक आहे. म्हणून तांब्याची वाटी त्याच चाकाने घासली तर उष्णता भराभर सगळ्या वाटीत पसरते. लाकडात ती जिथल्या तिथे साचते. काही उष्णता नमदा घेऊन जातो, पण तोही मंद वाहकच. लाकडाचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले की ते काळवंडू लागते. ही पायरी आमच्या खुंटीने काही सेकंदांत गाठली.

उष्णता ही पॉलिशच्या कामात सर्वस्वी शत्रू नाही, हेही सांगितले पाहिजे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. चाकाखाली ते थोडे मऊ झाले तरच लाकडाच्या रंध्रांत शिरते. लाखेची रंगीत खेळणी करणारे कारागीर तर घर्षणाची उष्णताच कामाला लावतात. फिरत्या लाकडावर ते लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने लाख मऊ होते, लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशी तयार होतात. तेव्हा प्रश्न उष्णता नको असा नाही. मेण मऊ व्हावे पण लाकूड जळू नये, एवढीच उष्णता हवी. म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाचा वेग. मिनिटाला ५,००० फेरे ठेवले तर कडेचा वेग सेकंदाला ३.४ मीटर होतो आणि शक्ती पावणेतीन वॉट. हे कामाचे आहे.

वेगाचा दुसरा धोका

चट्ट्याहून गंभीर अशीही एक गोष्ट आहे. फिरत्या चाकाच्या कडेवरील कणाला आत ओढून धरणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटर व्यासाचे कापडी चाक मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरवले, तर कडेवरील १ ग्रॅम कापड जागेवर राहण्यासाठी सुमारे साडेबारा किलो वजनाइतकी ओढ लागते. शिलाई कच्ची असेल तर कापड सुटून उडते. बारीक दांडा थोडा वाकडा असेल, तर तो आणखी वाकतो आणि चाक गरागरा बाहेर फेकले जाते. ५,००० फेऱ्यांना हीच ओढ ३६ पटींनी कमी होते, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणूनच प्रत्येक चाकाच्या वेष्टनावर त्याची वेगमर्यादा छापलेली असते. तारेच्या ब्रशांना तर ती बहुधा १५,००० फेऱ्यांचीच असते. ही मर्यादा वाचल्याशिवाय आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय बटण दाबू नये.

ही मोटर इतकी का पळते?

घरातल्या छताच्या पंख्याची मोटर इंडक्शन प्रकारची असते. आपला वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा. त्यावर चालणारी इंडक्शन मोटर मिनिटाला ५० × ६०, म्हणजे ३,००० फेऱ्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. मग ३०,००० फेरे कुठून येतात?

विजेच्या तारेवर चालणाऱ्या मिनी ग्राइंडरमध्ये मिक्सरसारखी युनिव्हर्सल मोटर असते. तिच्यात बाहेरचे चुंबकीय वेटोळे आणि आतले फिरणारे आर्मेचर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. कार्बनच्या ब्रशांमधून प्रवाह आर्मेचरमध्ये जातो. आर्मेचर फिरू लागले की त्यात बाहेरच्या विद्युतदाबाला विरोध करणारा दाब निर्माण होतो. हा विरोधी दाब दोन गोष्टींवर अवलंबून असतो, फिरण्याचा वेग आणि चुंबकाची ताकद. मोटर मोकळी फिरत असताना प्रवाह थोडा असतो. तोच प्रवाह चुंबकातूनही जात असल्याने चुंबकही दुबळे असते. दुबळ्या चुंबकात पुरेसा विरोधी दाब तयार होण्यासाठी आर्मेचरला खूप वेगाने फिरावे लागते. म्हणून मोकळी मोटर सुसाट पळते. चाक टेकवले की वेग उतरतो, विरोधी दाब कमी होतो, प्रवाह वाढतो आणि प्रवाहाबरोबर मोटरचा पीळ वाढतो. पीळ म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, ज्याला इंजिनिअर मंडळी टॉर्क म्हणतात.

थोडक्यात, जोर हवा असेल तर मोटरला गरजेच्या क्षणी जास्त प्रवाह घेता आला पाहिजे. पुढच्या सगळ्या उपायांची कसोटी हीच.

बल्बचा उपाय आणि त्यातली फसगत

वेग कमी करण्याचा जुना घरगुती उपाय म्हणजे मोटरच्या ओळीत एक १०० वॉटचा बल्ब जोडणे. मोटर मंद होते, हे खरे. मात्र चाक लाकडाला टेकवताच ती बंद पडते आणि बल्ब झगझगीत पेटतो. उचलले की पुन्हा वेगाने फिरू लागते. असे का?

हिशेबासाठी बल्बऐवजी ३०० ओहमचा रोध धरू. मोकळी मोटर ०.३ अँपिअर प्रवाह घेते असे समजा. रोधावर ९० व्होल्ट खर्ची पडतात आणि २३० पैकी १४० मोटरला मिळतात. आता चाक टेकवले. पीळ वाढवण्यासाठी मोटर ०.६ अँपिअर मागते. रोधावर १८० व्होल्ट गेले, मोटरला उरले ५०! (प्रत्यावर्ती प्रवाहाचा नेमका हिशेब थोडा वेगळा आहे, पण गोष्ट हीच.) ज्या क्षणी मोटरला मदत हवी, त्याच क्षणी रोध तिच्या तोंडचा घास काढून घेतो. बल्बच्या बाबतीत तर तार तापली की तिचा रोध आणखी वाढतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही अशी म्हण आहे. इथे उलटे होते. वेग पुरेसा कमी होण्याआधीच पीळ जातो.

पंख्याच्या रेग्युलेटरचे काय? जुन्या, तापणाऱ्या रेग्युलेटरमध्ये रोधच असतो. पायऱ्यापायऱ्यांच्या अनेक नव्या रेग्युलेटरांत कपॅसिटर ओळीत असतो. दोघांचा दोष तोच. शिवाय ते पंख्याच्या मोटरसाठी बनवलेले असतात.

वर्गात करून पाहा

ही फसगत मुलांना दाखवण्यासाठी घरच्या विजेला हात लावण्याची गरज नाही. खेळण्यातली लहान मोटर, दीड व्होल्टचे चार सेल आणि १० ओहम, ५ वॉटचा रोध घ्या. रोधाऐवजी ६ व्होल्ट, ३ वॉटचा तारेचा बल्ब मिळाला तर अधिक मजा येते.

पहिली जोडणी: चार सेल, रोध आणि मोटर एका ओळीत. दुसरी जोडणी: फक्त दोन सेल आणि मोटर, मध्ये काही नाही. दोन्ही वेळा मोटर मोकळी फिरू द्या. पहिल्या जोडणीत ती कदाचित जास्तच वेगाने फिरेल. आता दांड्यावर कापडाची घडी हळूहळू दाबा. पहिल्या जोडणीतली मोटर लवकर थांबेल, बल्ब असेल तर तो उजळेल. दुसऱ्या जोडणीतली मोटर कमी दाबावर चालत असूनही जास्त तग धरेल. मोटर अडवून दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, ती तापते. मग मुलांना विचारा, मोटरला दाब कमी द्यायचा, पण प्रवाहाची वाट मोकळी ठेवायची, हे कसे साधावे? उत्तर त्यांच्या हातातच आहे.

बरे उपाय

पहिला उपाय प्रयोगशाळांत असणाऱ्या डिमरस्टॅटचा. हा एका वेटोळ्याचा ट्रान्स्फॉर्मर असतो. मूठ फिरवून १२० व्होल्टवर ठेवला, तर मोटरने प्रवाह थोडा घेवो की जास्त, दाब जवळजवळ १२० व्होल्टच राहतो. दोन सेलांच्या जोडणीचाच हा मोठा भाऊ. मात्र त्याची बाहेरची वाट घरच्या विजेपासून तुटलेली नसते. १२० व्होल्टवर ठेवला म्हणून झटका बसणार नाही असे समजू नये.

दुसरा उपाय इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा. आपल्या विजेच्या सेकंदाला १०० अर्धलहरी असतात. ट्रायॅक नावाचा घटक प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा भाग अडवतो आणि उरलेला सोडतो. अडवण्याचा काळ वाढवला की वेग घटतो. मधे रोध नसल्याने प्रवाहाची वाट फारशी अडत नाही. असा नियंत्रक युनिव्हर्सल मोटरसाठीच बनवलेला आणि तिच्या प्रवाहाला पुरणारा हवा. यंत्रातच वेगाची चकती असेल तर तीच वापरावी. बाहेरून दुसरा नियंत्रक जोडला, तर आतले मंडल बिघडू शकते.

तरीही दोन्ही उपायांत चाक दाबले की वेग थोडा उतरतोच. तो उतरला हे ओळखून दाब आपोआप वाढवणारी योजना असेल तर उत्तम. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉटने १७८८ साली फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर वापरला, तो याच कल्पनेचा. मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहिला. आजच्या चांगल्या यंत्रांत हे काम एक चिप करते.

तिसरा उपाय सगळ्यांत जुना, यांत्रिक. पट्टा किंवा दंतचक्रांनी फेरे सहापट कमी केले, तर घर्षणात जाणारा भाग सोडून पीळ सहापट वाढतो. फेरे कमी आणि जोर जास्त, दोन्ही एकदम. हातातल्या यंत्रात ही सोय करणे अवघड, पण तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चौथा उपाय फुकटचा आहे. चाक लहान घ्या! कडेचा वेग फेरे आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरतो. १३ ऐवजी ६ मिलिमीटरचे चाक बसवले, की मोटरला हात न लावता वेग निम्म्याहून खाली येतो.

या सगळ्यांत एक पथ्य पाळावे. मोटर थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मोटर मंद झाली की वारा कमी होतो आणि प्रवाह मात्र जास्त असतो. म्हणून मंद वेगाने सलग काम करू नये. मिनिटभर चालवावे, मग विश्रांती द्यावी.

वेग कानाने मोजा

यंत्रावर वेगाची चकती नसताना वेग किती उतरला हे कसे कळणार? इथे पुन्हा तंबोराच मदतीला आला. यंत्राच्या घोंघावण्यात अनेक स्वर मिसळलेले असतात, पण पात्यांचा वारा, दांड्याचा कंप, ब्रशांची खरखर हे सगळे फेऱ्यांच्याच पटीत बदलतात. म्हणून यंत्राचा स्वर एक सप्तक खाली आला, म्हणजे फेरे नेमके निम्मे झाले. पूर्ण वेगाच्या स्वराला सा मानले, तर मंद्र पंचम म्हणजे पाऊण वेग आणि मंद्र शुद्ध मध्यम म्हणजे दोनतृतीयांश वेग. दोन सप्तके उतरून आणखी सा ते प इतके अंतर खाली आले, की वेग सहाव्या हिश्शावर, म्हणजे ३०,००० वरून ५,००० वर आला. हार्मोनियम वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला हे सहज जमते.

याच युक्तीने पिळाचीही परीक्षा होते. चाक टेकवल्यावर स्वर एखाद-दुसऱ्या सुराने उतरला तर नियंत्रण ठीक. सप्तकभर कोसळला तर उपाय फसला. दुकानातल्या सोनाराकडे टांगलेली मोटर आणि पायाखालचे पेडल असते, ते पाहा. आवाज खाली गेला की त्याचा पाय आपोआप थोडा दाबला जातो. त्याचा कान मोजतो आणि पाय दुरुस्ती करतो. वॉटच्या गव्हर्नरचेच काम इथे माणूस करतो.

खुंटीचे काय झाले? चट्टा वरवरचा होता. बारीक पॉलिश पेपरने हाताने घासून तो काढला. मग डिमरस्टॅट लावून, ६ मिलिमीटरचे चाक घेऊन, एका जागी न थांबता मेण जिरवले. मोठ्या उतारांवर शेवटचा हात सुती कापडाचाच फिरवला. खुंटीचा भोकात बसणारा भाग मात्र मुद्दाम कोरडा ठेवला. तिथे चकाकी आली तर खुंटी सरकेल आणि तार उतरेल. त्या भागाला खडूची पूड लावतात, म्हणजे घर्षण टिकून राहते. एकाच खुंटीच्या वरच्या टोकाला घर्षण आवरायचे आणि खालच्या टोकाला जपायचे, हे मुलांना दाखवायला विसरू नका.